पोलंडमधील सुट्यांचा कायदा आणि कॅथलिक पंचांग

पोलंडच्या कायदेसंग्रहात १८ जानेवारी १९५१ या तारखेचा एक अगदी लहान कायदा आहे. वर्षातील कोणते दिवस ‘कामापासून मोकळे’ समजावेत, एवढेच तो सांगतो. कलमे मोजकी, भाषा रुक्ष. ज्या साम्यवादी राजवटीने तो केला ती १९८९ मध्ये लयास गेली. परंतु कायदा मात्र रद्द झाला नाही. १९६०, १९८९, १९९०, २०१० आणि २०२४ या वर्षी त्याच्या यादीतून दिवस काढले गेले वा तीत नवे घातले गेले, आणि अशा फेरफारांसह तो आजही अमलात आहे. एका पानाच्या या यादीतील खाडाखोड वाचीत गेले असता पोलंडच्या गेल्या शतकाच्या इतिहासातील एक मुख्य वाद हाती लागतो. तो वाद असा, की लोकांचा दिवस कामातून मोकळा करण्याचा अधिकार कोणाचा? राज्यसंस्थेचा की धर्मसंस्थेचा? आणि एकीने पुसलेला दिवस दुसरीने राखला, तर त्याचे काय होते?

या वादाची पूर्वपीठिका अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मागे जाते. ३ मे १७९१ रोजी पोलंडच्या सेइमने, म्हणजे संसदेने, लिखित राज्यघटना संमत केली. कॅथलिक धर्मास तीत राष्ट्राचा प्रमुख धर्म म्हटले होते आणि इतर धर्मीयांना संरक्षणही दिले होते. या घटनेबद्दल ईश्वराचे आभार मानण्यासाठी वॉर्सा येथे एक मंदिर बांधण्याचा संकल्प सोडण्यात आला व पहिल्या वर्धापनदिनी, ३ मे १७९२ रोजी, त्याचा पायाही घातला गेला. लवकरच युद्ध झाले, घटना रद्द झाली, आणि १७९५ च्या तिसऱ्या फाळणीने पोलंडचे राज्यच नकाशावरून नाहीसे झाले. मंदिर पायापाशीच राहिले.

पुढील सव्वाशे वर्षे हा देश रशिया, प्रशिया व ऑस्ट्रिया या तीन सत्तांत वाटला गेला होता. रशियाच्या ताब्यातील भागात सरकारी कागदांवर जुन्या जुलियन गणनेची तारीख येई आणि लोकांचे सणवार ग्रेगोरियन पंचांगाने चालत. विसाव्या शतकाच्या आरंभी दोहोंत तेरा दिवसांचे अंतर होते. त्सारचा वाढदिवस, राज्यारोहणाचा दिवस असे दरबारी उत्सव सक्तीने पाळावे लागत. सरकारी सण म्हणजे वरून लादलेला, मनाविरुद्ध पाळावयाचा दिवस, ही भावना पोलिश मनात त्या काळीच रुजली असे म्हणण्यास हरकत नाही. उलट तीन मे हा दिवस रशियन अमलाखाली निषिद्ध असल्यामुळेच प्रिय झाला. ऑस्ट्रियाच्या ताब्यातील गॅलिशियात, जेथे पुढे पोल लोकांना बरीच स्वायत्तता मिळाली, १८९१ ची शताब्दी उघडपणे साजरी होऊ शकली. वॉर्सात मात्र त्याच दिवशी निदर्शकांना कारावास पत्करावा लागला.

१९१८ मध्ये राज्य पुन्हा उभे राहिले. नव्या सेइमने २९ एप्रिल १९१९ रोजी, म्हणजे अवघ्या काही महिन्यांत, तीन मे हा राष्ट्रीय सण ठरविला. त्यानंतर थोड्याच काळात पोलिश बिशपांच्या विनंतीवरून रोमने याच तारखेला ‘पोलंडची राणी मरिया’ हिचा सण मान्य केला. या उपाधीमागे जुनी कथा आहे. स्वीडनच्या आक्रमणकाळी राजा यान काझिमिएझ याने १ एप्रिल १६५६ रोजी ल्वूफ येथील प्रार्थनामंदिरात शपथ घेऊन मरियेस आपल्या राज्याची राणी म्हणून घोषित केले होते. शपथेची तारीख एप्रिलची असता तिचा सण मे महिन्यात आणून घटनेच्या दिवसाशी जोडण्यात आला. हा निर्णय त्या वेळी केवळ औचित्याचा वाटला असेल. त्याचे खरे महत्त्व पाव शतकानंतर प्रत्ययास आले.

दोन महायुद्धांमधील पोलंडला ‘कॅथलिक देश’ म्हणताना थोडे थांबावयास हवे. १९३१ च्या शिरगणतीप्रमाणे रोमन कॅथलिक पंथाचे लोक सुमारे ६५ टक्के होते. उरलेल्यांत पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स व ग्रीक कॅथलिक, जर्मन प्रॉटेस्टंट आणि लोकसंख्येच्या जवळजवळ दहा टक्के असलेले ज्यू यांचा समावेश होता. १९१९ च्या कामाच्या वेळेविषयीच्या कायद्याने रविवारची विश्रांती सक्तीची केली. कामगाराच्या दृष्टीने ही मोठीच प्राप्ती होती. परंतु शनिवारी धर्माज्ञेने दुकान बंद ठेवणाऱ्या ज्यू दुकानदारास आता रविवारीही कायद्याने ते बंद ठेवावे लागे, आणि त्याच्या आठवड्याचे दोन दिवस बुडत. ज्यू प्रतिनिधींनी सेइममध्ये याविरुद्ध आवाज उठविला. त्याचा उपयोग झाला नाही. १९२४ च्या अध्यक्षीय अध्यादेशाने सुट्यांची जी यादी घातली तिच्यात तीन मेचा अपवाद सोडला तर कॅथलिक पंचांगाचीच छाया पडलेली दिसते. देशाच्या एकतृतीयांश प्रजेचे सण त्या यादीबाहेर राहिले. नाझींनी केलेला ज्यूंचा संहार, पश्चिमेकडे सरकलेल्या सरहद्दी आणि लोकसंख्येची अदलाबदल यांनंतरच पोलंड जवळजवळ एकधर्मीय झाला. आज जी यादी स्वाभाविक वाटते तिच्यामागे हेही आहे.

याच काळात आणखी दोन तारखा पुढे आल्या. पहिली १५ ऑगस्ट. मरियामातेच्या स्वर्गोन्नयनाचा हा सण पोलिश खेड्यांत धान्य, फुले व औषधी वनस्पती आशीर्वादासाठी नेण्याचा दिवस म्हणून फार पूर्वीपासून पाळला जाई. १९२० मध्ये याच सुमारास वॉर्सापुढे सोव्हिएत सैन्याचा पराभव झाला आणि १५ ऑगस्ट सैनिकांचाही दिन बनला. दुसरी तारीख ११ नोव्हेंबर. १९१८ मध्ये त्या दिवशी वॉर्सात लष्करी सत्ता पिल्सुत्स्कीच्या हाती आली होती. तिला कायद्याने सुटीचे स्थान मिळाले ते १९३७ मध्ये. युद्धापूर्वी तो सण त्या स्वरूपात फक्त दोनदा, १९३७ व १९३८ साली, साजरा होऊ शकला.

युद्धकाळात पोलंडचे सरकार लंडनमध्ये होते आणि त्याच्या दृष्टीने ही जुनी यादीच कायदेशीर होती. सोव्हिएत प्रदेशातील हद्दपारीतून सुटून इराणमार्गे हिंदुस्थानात आलेल्या निर्वासितांसाठी कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात जी पोलिश वसाहत होती, तीही त्या सरकारच्याच छत्राखाली सुरू झाली. तेथे सुमारे पाच हजार माणसे, बहुतेक स्त्रिया व मुले, राहत होती. त्यांच्या पोलिश शाळा होत्या व स्वतःचे चर्च होते. ही माणसे पंचगंगेच्या खोऱ्यात असतानाच त्यांच्या मायदेशातील यादी बदलू लागली होती.

२२ जुलै १९४४ ही तारीख घालून सोव्हिएत आश्रयाखाली स्थापन झालेल्या राष्ट्रमुक्ती समितीने आपला जाहीरनामा प्रसिद्ध केला. तो हेल्म या गावी निघाला असे सांगितले गेले. वस्तुतः त्याचा मसुदा मॉस्कोत तयार झाला होता. बरोबर एक वर्षाने २२ जुलै हा ‘पोलंडच्या पुनरुत्थानाचा राष्ट्रीय सण’ ठरला आणि ११ नोव्हेंबर यादीतून गेला. येथे ‘पुनरुत्थान’ हा शब्द लक्षणीय आहे. धर्माशी ज्यांचे वैर होते त्यांनाही नव्या सणाला नाव देताना धर्माच्या जवळचा शब्द घ्यावा लागला. तीन मे काही काळ टिकला, पण १९४६ मध्ये त्या दिवशीच्या मिरवणुकांवर बंदी आली. क्राकूफ येथे विद्यार्थी रस्त्यावर आले तेव्हा गोळ्या झाडण्यात आल्या व शेकडोंना अटक झाली. १९५० मध्ये १ मे सुटीचा दिवस झाला आणि आरंभी उल्लेखिलेल्या १९५१ च्या कायद्यात तीन मेला स्थान राहिले नाही. २९ जूनचा संत पेत्र व संत पौल यांचा सण आणि ८ डिसेंबरचा मरियेच्या निष्कलंक गर्भसंभवाचा सणही वगळला गेला.

तथापि या यादीत काय राहिले हेही पाहणे अगत्याचे आहे. नाताळचे दोन दिवस राहिले, ईस्टरचा सोमवार राहिला, ख्रिस्तशरीराचा गुरुवार राहिला, १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा दिवस राहिला. ईस्टरच्या सोमवारी तरुण मंडळी एकमेकांवर बादल्यांनी पाणी ओततात. धर्मदृष्ट्या त्या दिवशी मिस्सेला जाणे बंधनकारकही नाही. परंतु तो दिवस काढून घेण्याचे धाडस कोणत्याही राजवटीने केले नाही. आणि गुड फ्रायडे, जो अनेक प्रॉटेस्टंट देशांत सुटीचा दिवस असतो, तो कॅथलिक पोलंडमध्ये कधीच मोकळा नव्हता व आजही नाही. यादी ही श्रद्धेच्या मापाने बनत नाही; तिच्यात रूढी, हंगाम आणि राजकारण यांची सरमिसळ असते.

१९५६ नंतर गोमुल्काच्या कारकिर्दीत काही काळ सौम्यता आली, ती फार टिकली नाही. नोव्हेंबर १९६० च्या दुरुस्तीने ६ जानेवारीचा तीन राजांचा सण आणि १५ ऑगस्ट हे दोन दिवस यादीतून काढण्यात आले. उत्पादनवाढ हे कारण पुढे केले गेले. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये नोव्हा हुता या नव्या पोलादनगरीत चर्चसाठी राखलेल्या जागेवरील क्रूस हलविण्यावरून दंगल उसळली होती आणि पुढल्या वर्षी शाळांतून धर्मशिक्षण काढून टाकले गेले. या मालिकेत ठेवून पाहिले असता दोन दिवसांच्या उत्पादनाचा हिशेब हा मुख्य हेतू होता असे मानणे कठीण जाते. १५ ऑगस्ट काढल्याने तर एकाच घावात मरियेचा सण आणि सोव्हिएत पराभवाची आठवण अशी दोन्ही झाडे तोडली जात होती. सैन्याचा दिन त्यापूर्वीच १२ ऑक्टोबरला, म्हणजे सोव्हिएत सेनेच्या बरोबरीने लढलेल्या १९४३ च्या लेनिनोच्या लढाईच्या तारखेला, नेण्यात आला होता.

येथेच धर्मसंस्थेच्या पंचांगाचे वेगळेपण ध्यानात येते. सरकारी यादीतून दिवस गेला तरी चर्चच्या यादीत तो बंधनकारक सण म्हणून कायम होता; त्या दिवशी मिस्सेस उपस्थित राहणे श्रद्धावंताचे कर्तव्यच होते. पूर्वी मिस्सा सकाळीच होत असे, आणि सकाळी कारखान्यात जाणाऱ्याला ते कर्तव्य पार पाडणे अशक्य झाले असते. परंतु पोप बारावे पायस यांनी १९५३ मध्ये सायंकालीन मिस्सेला मोकळीक दिली होती. त्यामुळे पाळी संपवून संध्याकाळी चर्चमध्ये जाणे शक्य झाले. सुटी गेली, सण राहिला. एवढेच नव्हे तर कामाचा दिवस संपवून तो पाळण्यात एक निश्चयही दिसू लागला. ६ जानेवारीस दारावर आशीर्वादित खडूने तीन राजांची आद्याक्षरे व वर्षाचा आकडा लिहिण्याची चाल आहे. ती वर्षभर पुसली जात नाही, आणि ती कोणत्या घरावर आहे व कोणत्या नाही, हे जिन्यावरून जाणाऱ्या प्रत्येकास दिसते.

तीन मेची कथा याहून बोलकी आहे. ११ नोव्हेंबरला चर्चच्या पंचांगात असा जोडीदार नव्हता. त्या दिवसाची आठवण घराघरांत आणि पुढे सत्तरीच्या दशकात विरोधी गटांच्या छोट्या मेळाव्यांत जगली. तीन मेला मात्र ‘पोलंडची राणी’ हा सण होता, आणि तो धार्मिक सण म्हणून बंद करणे सरकारला शक्य नव्हते. कार्डिनल विशिंस्की १९५३ पासून नजरकैदेत होते. तेथूनच त्यांनी राजा यान काझिमिएझच्या शपथेच्या तीनशेव्या वर्षी नवी प्रतिज्ञा लिहून पाठविली. २६ ऑगस्ट १९५६ रोजी चेंस्तोखोव्हाच्या यास्ना गुरा मठापुढे प्रचंड जनसमुदायाने ती उच्चारली, तेव्हा कार्डिनलांचे आसन मोकळे होते व त्यावर फुले ठेवलेली होती. दहा वर्षांनी, ३ मे १९६६ रोजी, त्याच ठिकाणी पोलंडच्या ख्रिस्तीकरणाच्या सहस्राब्दीचा मुख्य सोहळा झाला. सरकारने पोप सहावे पॉल यांना येऊ दिले नाही आणि ‘राज्याची सहस्राब्दी’ म्हणून आपला सोहळा २२ जुलैस वॉर्सात लष्करी संचलनाने केला. एकाच वर्षी, एकाच घटनेच्या निमित्ताने, दोन तारखा एकमेकींसमोर उभ्या ठाकल्या.

त्या काळच्या एका लहानशा रिवाजात हा संघर्ष साठवलेला आहे. १ मेसाठी घरांवर व कचेऱ्यांवर लावलेले ध्वज २ मे रोजी लगबगीने उतरविले जात. ते ३ मेस फडकताना दिसू नयेत, हा त्यामागील उद्देश. (२००४ पासून नेमका २ मे हा पोलंडचा ध्वजदिन आहे, अर्थात तो सुटीचा नाही.) चर्चनेही १९५५ पासून १ मेला ‘श्रमिक संत योसेफ’ यांचा सण नेमून कामगारांच्या दिवसावर आपला हक्क सांगितला होता. तारखा बळकावण्याचा हा खेळ एका बाजूनेच चालला होता असे नव्हे.

क्राकूफमध्ये वाद तारखेचा नव्हता, रस्त्याचा होता. ख्रिस्तशरीराच्या गुरुवारी सुटी असे, पण वावेल टेकडीवरून निघून शहराच्या मुख्य चौकात जाणाऱ्या परंपरागत मिरवणुकीस जुना मार्ग बंद करण्यात आला होता. आर्चबिशप कारोल वोइतिवा, जे पुढे पोप दुसरे जॉन पॉल झाले, ते आपल्या प्रवचनांतून त्या मार्गाची मागणी पुनःपुन्हा करीत राहिले. आणि १ नोव्हेंबर, ज्याला सरकारी भाषेत ‘मृतांचा दिवस’ असे निधर्मी नाव दिले गेले, तो दिवस तर अनपेक्षित रीतीने सरकारच्या अंगावर आला. त्या संध्याकाळी पोलंडमधील दफनभूमी दिव्यांनी उजळून निघते. कातिन येथे १९४० मध्ये सोव्हिएत पोलिसांनी मारलेल्या पोलिश अधिकाऱ्यांना मायदेशात कबर नव्हती आणि त्यांच्या मृत्यूचे वर्ष उच्चारणे हाच अपराध होता, कारण सरकारी मताप्रमाणे ती हत्या १९४१ मध्ये जर्मनांनी केली होती. वॉर्साच्या पोव्हाँझ्की दफनभूमीत ३१ जुलै १९८१ रोजी १९४० हे वर्ष कोरलेला क्रूस उभारला गेला. गुप्त पोलिसांनी तो त्याच रात्री हलविला. मोकळ्या राहिलेल्या जागेवर लोक दिवे लावू लागले. सुटी सरकारनेच दिलेली होती. दिवा लावण्यास मनाई कशी करणार?

या सर्वांच्या तुलनेत २२ जुलैचे काय झाले? त्या तारखेला मुद्दाम महत्त्व आणण्यात आले होते. वॉर्साचा पूर्व-पश्चिम महामार्ग १९४९ मध्ये त्या दिवशी खुला झाला, १९५२ ची राज्यघटना त्या दिवशी संमत झाली, संस्कृतिप्रासाद १९५५ मध्ये त्याच मुहूर्तावर उघडला, आणि १९८३ मध्ये लष्करी कायदाही त्याच दिवशी उठविण्यात आला. वॉर्साच्या नामांकित वेडेल चॉकोलेट कारखान्यालाही ‘२२ जुलै’ हे नाव मिळाले. पण माल खपावा म्हणून वेष्टनावर ‘पूर्वीचे ई. वेडेल’ असे छापणे भाग पडले. उन्हाळ्याचा दिवस असल्याने लोक त्याचा उपभोगही घेत. तरीही ६ एप्रिल १९९० च्या कायद्याने तीन मे परत आणून २२ जुलै रद्द केला तेव्हा त्यासाठी रस्त्यावर कोणी आले नाही. पंचेचाळीस वर्षे सुटी असलेल्या या दिवसाच्या वाट्याला ना दीर्घ स्मृती आली, ना घरातील एखादा विधी.

परतीचा क्रमही उद्बोधक आहे. ११ नोव्हेंबर परत आला तो फेब्रुवारी १९८९ मध्ये, जुन्या राजवटीच्याच सेइमकडून, गोलमेज वाटाघाटी नुकत्याच सुरू झाल्या असताना. १५ ऑगस्ट त्याच वर्षीच्या १७ मेच्या चर्चविषयक कायद्याने परत मिळाला. १७९२ मध्ये पाया घातलेले वॉर्साचे मंदिर नव्या जागी, नव्या आराखड्याने पूर्ण होऊन अखेर ११ नोव्हेंबर २०१६ रोजी उघडले.

तीन राजांच्या सणाला मात्र वीस वर्षे वाट पाहावी लागली. १९९३ मध्ये रोमशी झालेल्या करारात सुट्यांची यादी आहे. तीत ६ जानेवारी नाही. लोकशाही सरकारांनाही अर्थव्यवस्थेचा हिशेब होता. दरम्यान धर्मसंस्थेनेच आपली यादी आखडती घेतली. २००३ मध्ये रोमच्या संमतीने ८ डिसेंबर, २९ जून व १९ मार्च या दिवसांचे बंधन पोलंडमध्ये उठविण्यात आले आणि ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाचा गुरुवारचा सण पुढील रविवारी नेला गेला. ज्या दिवशी माणसे कामावर असतात तो दिवस पाळण्याची सक्ती करण्यात अर्थ नाही, हे चर्चने मान्य केल्यासारखेच झाले. पन्नास वर्षे सरकारच्या विरोधात राखलेले दिवस स्वातंत्र्याच्या काळात सोडून द्यावेत, यातील विसंगती उघड आहे. पण विरोधात दिवस पाळण्याला जो अर्थ असतो तो विरोध संपल्यावर राहत नाही, हेही तितकेच खरे. या फेररचनेनंतर बंधनकारक असूनही सुटी नसलेला असा एकच सण उरला: ६ जानेवारी. वूच शहराचे महापौर येझी क्रोपिव्हनित्स्की यांनी २००८ पासून त्यासाठी नागरिकांच्या सह्यांची मोहीम चालविली. पहिला प्रयत्न सेइमने फेटाळला; २०१० मध्ये कायदा झाला आणि २०११ पासून हा दिवस पुन्हा मोकळा झाला. मात्र त्याच कायद्यात एक वळसा होता. सुटी कामगाराच्या साप्ताहिक रजेच्या दिवशी आली तर तिच्या बदली दुसरा दिवस देण्याचे मालकाचे बंधन काढून टाकण्यात आले. कामगार संघटनेने दाद मागितली आणि घटनात्मक न्यायालयाने २०१२ मध्ये ती तरतूद रद्द केली.

यादीतील अखेरची भर २०२४ च्या कायद्याची. नाताळची पूर्वसंध्या, म्हणजे २४ डिसेंबर, २०२५ पासून मोकळा दिवस झाला आणि यादीतील नोंदी चौदा झाल्या. पोलिश कुटुंबात या संध्याकाळचे स्थान खुद्द नाताळाहूनही वरचे आहे. पहिला तारा दिसेपर्यंत उपवास, मग पातळ पोळीसारख्या आशीर्वादित वडीची वाटणी, मांस वर्ज्य असलेले बारा पदार्थ, आणि अनाहूत पाहुण्यासाठी मांडलेले एक रिकामे ताट. तरीही चर्चच्या दृष्टीने हा बंधनकारक सण नाही, आणि मागणीही धर्मसंस्थेकडून आली नव्हती; ती डाव्या पक्षाने, दुकानांतील नोकरवर्गाच्या विश्रांतीचे कारण देऊन, पुढे आणली. तिच्या मोबदल्यात नाताळापूर्वीचे तीन रविवार दुकाने उघडी ठेवण्यास मोकळे करण्यात आले. २०११ च्या शिरगणतीत ८७ टक्क्यांहून अधिक लोकांनी स्वतःस रोमन कॅथलिक म्हणविले होते. २०२१ मध्ये ते प्रमाण ७१ टक्क्यांवर आले. सणांची यादी वाढत असता सण पाळणाऱ्यांची संख्या घटते आहे, ही घटना १९६० च्या नेमकी उलट आहे.

यादीबाहेरच्यांसाठी मे १९८९ च्या धर्मस्वातंत्र्याच्या कायद्यात एक कलम आहे. पूर्वेकडील ब्यालिस्तोक परिसरातील ऑर्थोडॉक्स लोकांचा नाताळ जुन्या गणनेने ७ जानेवारीस येतो. त्या दिवशी घरी राहू इच्छिणाऱ्यास तशी मागणी करता येते, आणि मालकाने ती मान्य केल्यावर तेवढे काम दुसऱ्या दिवशी भरून द्यावे लागते.